उसण आणि पंचवीस टक्के

गेल्या दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला. आमच्याकडे माळा काढला की दोन गोष्टी हमखास होतात. मला धुळीने शिंका येतात, आणि काहीतरी जुनं हाती लागतं की ते वाचत बसल्यामुळे माळा तसाच राहतो. या खेपेला एक फाईल निघाली. खाकी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, वर माझ्याच अक्षरात 'नानाकाका – दावा' एवढंच लिहिलेलं.

नेमकी त्याच दिवशी नानाकाकांची नात आली होती. म्हणजे माझ्या चुलतभावाची मुलगी. ती फिजिओथेरपी शिकते. तिने कागद चाळले आणि सरकारी दवाखान्याचा दाखला बाहेर काढला. त्यावर डॉक्टरांनी शाईने लिहिलं होतं, 'कायमचे अपंगत्व २५ टक्के'. तिने विचारलं, "काका, कशाचे पंचवीस टक्के? पाठीचे, सगळ्या शरीराचे, की पगाराचे?"

पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण इतका नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्या एका प्रश्नावर आमच्या घरातला एक माणूस पावणेतीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. आणि पाठीला मार बसलेल्या माणसाला पायऱ्या चढणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत!

घरातल्या मोठ्यांना ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे. लहानांना अजिबात नाही. म्हणून लिहून ठेवतो. शिवाय यात माझाही एक दोष आहे, तो मी कधी कुणाला नीट सांगितला नाही.

१९७८ सालचा श्रावण. नानाकाका एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात हमाली करत. वय एकेचाळीस. अंगाने सडसडीत, पण शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीवर चढायचे ते असे की खालून बघणाऱ्याला वाटावं, त्यात भुसाच भरला आहे. पाऊस झिमझिमत होता, फळी ओली होती. पाय घसरला. काका बसकण मारल्यासारखे खाली आले आणि वरून पोतं पाठीवर. टोळीतल्या लोकांनी त्यांना हातगाडीवर घालून घरी आणलं. मुनिमाने तेलमालिशला पाच रुपये दिले.

चौथ्या दिवशी मुनिमाचा निरोप आला, रजेची चिठ्ठी पाठवा, नाहीतर खाडे धरू. आता घरात शिकलेला मीच. नुकताच बी. ए. होऊन मास्तर झालेलो. काका पालथे पडून होते. तसेच म्हणाले, "लिही, पाठीत उसण भरली. पडलो म्हणून लिहू नकोस हं. शेठ म्हणेल, हा गडी आता कामाचा राहिला नाही." मी मान डोलावली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की पाठीत उसण भरल्यामुळे आठ दिवस कामावर येऊ शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती. खाली काकांचा अंगठा.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. डावा पाय बधिर पडू लागला. सरकारी दवाखान्यात फोटो काढला, डॉक्टर म्हणाले मणक्यातली गादी दबली आहे, वजन उचलायचं नाही. शेठने दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला आणि हजेरीतून नाव काढून टाकलं.

मग एका ओळखीच्या कामगार कार्यकर्त्याने सांगितलं की १९२३ चा कायदा आहे, दावा लावा.

कोर्टात काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी हा कायदा आला कुठून ते थोडं सांगायला हवं. निवृत्तीनंतर वाचनालयात बसून मी तेच शोधत असे, आणि तेव्हा मला नारायण मेघाजी लोखंडे नव्याने भेटले. लोखंडे म्हटलं की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. पाठ्यपुस्तकात तेवढंच असतं, मीही वर्षानुवर्षं तेवढंच शिकवलं. पण सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला, त्यात पाच मागण्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास, पगाराची तारीख, आणि पाचवी मागणी ही की कामावर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य तरतूद व्हावी.

चरितार्थाची! म्हणजे किती बोटं गेली हे मोजा असं लोखंडे म्हणत नव्हते. हा माणूस आता खाणार काय, असं ते विचारत होते. गंमत अशी की त्याच वर्षी, दोनच महिने आधी, जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत कामगार अपघात विम्याचा कायदा झाला. इकडे परळच्या अर्जातल्या या पाचव्या मागणीला कायद्याचं रूप यायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षं गेली.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये १८९७ साली एक मोठा बदल झाला. तोपर्यंत जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. आणि चूक दुसऱ्या कामगाराची असेल तर मालक मोकळा. तू त्याच्याबरोबर काम करायला तयार झालास तेव्हाच हा धोका पत्करलास, असा न्याय! १८९७ च्या कायद्याने एक सौदा केला. कामगाराने कुणाचा दोष सिद्ध करायचा नाही. अपघात कामावर आणि कामामुळे झाला एवढं दाखवायचं. त्या बदल्यात भरपाई मात्र ठरलेल्या हिशेबानेच मिळणार. हाच सौदा आपल्याकडे १९२३ च्या वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अॅक्टने आणला. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलणारे ना. म. जोशी होते, आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मूळ विधेयकात मालकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरणही होतं, पण समितीत ते गळलं. 'दुसऱ्या कामगाराची चूक' ही पळवाट बंद करणारा कायदा पुढे १९३८ साली आला.

ठरलेला हिशेब म्हणजे काय, तर कायद्याच्या शेवटी एक यादी. पहिलं परिशिष्ट. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. १९२३ च्या यादीत उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. अंगठा २५. तर्जनी १०. एक डोळा ३०. खाटकाच्या दुकानात भाव लिहावेत तसं. १९६२ साली यादी बदलली. अंगठ्याचे ३० झाले, तर्जनीचे १४, मधल्या बोटाचे १२, अनामिका आणि करंगळीचे सात-सात. हात खांद्यापासून किती सेंटिमीटरवर तुटला हे दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकड्यांपर्यंत दिलं आहे, २०.३२ सेंटिमीटर! (इंचांचे सेंटिमीटर केल्यावर दुसरं काय होणार. आठ इंच.)

या यादीला हसणं सोपं आहे, पण तिचा उपयोगही मोठा होता. यंत्रात बोट गेलेल्या कामगाराला कुणाशी वाद घालावा लागत नसे. बोट नाही, हे आंधळ्यालाही दिसतं. यादी उघडा, आकडा बघा, पैसे द्या. कमीत कमी तेवढ्यावर तरी कुणी वकील वाद घालू शकत नव्हता.

पण पाठ या यादीत नाही. १९२३ ला नव्हती आणि १९६२ लाही आली नाही. हात, पाय, बोटं, डोळे, कान आहेत. ज्याच्या जोरावर हमाल, गवंडी, गोदी कामगार, शेतमजूर पोट भरतात तो कणाच नाही. यादीत नसलेल्या इजेसाठी कायदा म्हणतो, कमाईची क्षमता किती कमी झाली ते बघून ठरवा. आता हे 'बघून ठरवा' कुणी आणि कशावरून?

पाठीच्या दुखण्याबद्दलचा संशय कायद्याहूनही जुना आहे. इंग्लंडमध्ये रेल्वे आली, अपघात होऊ लागले, आणि वरून धडधाकट दिसणारे प्रवासी पाठदुखीचे दावे लावू लागले. १८६६ मध्ये एरिकसन नावाच्या शल्यचिकित्सकाने पुस्तक लिहून सांगितलं की धक्क्याने कण्याला न दिसणारी इजा होते. लोक त्याला 'रेल्वेचा कणा' म्हणू लागले. १८८३ साली हर्बर्ट पेज नावाच्या दुसऱ्या शल्यचिकित्सकाने पुस्तक लिहून ते खोडून काढलं. यातलं बरंचसं भीतीपोटी आणि मनाच्या धसक्याने होतं, असं त्याचं म्हणणं. हे पेजसाहेब स्वतः एका रेल्वे कंपनीचे डॉक्टर होते, एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

१८९५ ला क्ष-किरण सापडले, तेव्हा वाटलं असेल की आता प्रश्न मिटला. पण क्ष-किरणांत हाड दिसतं, दोन मणक्यांमधली गादी दिसत नाही. गादी बाहेर येऊन शीर दाबते आणि म्हणून पाय दुखतो, हे मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडलं. आपला कायदा तोवर दहा वर्षांचा झाला होता. म्हणजे यादी तयार झाली तेव्हा पाठीत नेमकं काय बिघडतं हे डॉक्टरांनाही धड ठाऊक नव्हतं. मी पुतणीला म्हटलं, बरं आता तरी तुमच्या एमआरआयमुळे हे भांडण संपलं असेल. ती हसली. तिने सांगितलं की १९९४ साली अमेरिकेत ९८ ठणठणीत, पाठ न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले, तर त्यातल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या जागच्या जागी होत्या. निम्म्याहून जास्त लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली. म्हणजे बिघाड दिसला म्हणून तो अपघातानेच झाला असं म्हणता येत नाही, आणि दुखणं खोटं आहे असंही म्हणता येत नाही. मशीन कितीही महाग आणा, शेवटी माणूस सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, इथेच गाडं येऊन थांबतं.

तर कोर्ट. शेठच्या वकिलांनी तीन गोष्टी उभ्या केल्या.

पहिली, या गोदामाला कायदाच लागू नाही. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणाकोणाला कामगार म्हणायचं त्याची यादी आहे. मालाची चढउतार करणारा माणूस त्यात बसतो, पण गोदामात मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी तरी दहा किंवा जास्त माणसं त्या कामावर असली पाहिजेत. शेठच्या हजेरीपुस्तकात आठच नावं! टोळी बारा जणांची होती हे गावात सगळ्यांना माहीत. पण वहीत आठ. साक्षीला उभं राहायला टोळीतले दोघे तयार झाले. त्यांनाही उद्या त्याच शेठकडे पोतं उचलायचं होतं, तरी ते आले, हे विसरू नये. दोघेही आता नाहीत.

दुसरी गोष्ट, अपघात झालाच नाही. आणि इथे माझी चिठ्ठी निघाली.

ती त्यांनी जपून ठेवली होती. वकिलांनी ती मोठ्याने वाचली. मग मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं. अक्षर तुमचं का? हो. तुम्ही पदवीधर आहात? हो. मराठीचे तास घेता? इतिहासाचे, आणि कधी कधी मराठीचेही. "मग गुरुजी, उसण म्हणजे काय ते साहेबांना सांगा." मी गप्प. "उसण शिंक आली तरी भरते ना? अंथरुणातून उठतानाही भरते ना?" मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? पडल्याचा, फळीचा, पोत्याचा उल्लेख या चिठ्ठीत कुठे आहे? कुठेही नव्हता. मी सांगायचा प्रयत्न केला की काकांनीच तसं लिहायला लावलं, भीतीमुळे. वकील म्हणाले, "म्हणजे तुम्ही खोटं लिहून दिलंत?"

यावर काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचत नाही.

कायद्याने पाहिलं तर त्या चिठ्ठीमुळे दावा बुडत नव्हता. अपघाताची सूचना लवकरात लवकर द्यावी असं कायदा म्हणतो, पण मालकाला अपघात दुसऱ्या मार्गाने माहीत असेल तर सूचनेतला दोष आड येत नाही, हेही तोच कायदा म्हणतो. मुनीम तिथे उभा होता, पाच रुपये त्यानेच दिले होते. पण संशय पेरला गेला तो गेलाच. बाहेर आल्यावर काका मला एवढंच म्हणाले, "मास्तर, चहा घेऊ." अपघातानंतर ते मला मास्तर म्हणायला लागले होते, का कुणास ठाऊक.

तिसरी गोष्ट टक्क्यांची. सरकारी डॉक्टर म्हणाले २५. शेठनेही स्वतःचा डॉक्टर आणला होता. मालकाने फुकट तपासणी देऊ केली तर कामगाराला नाही म्हणता येत नाही, नाहीतर हक्कावर गदा येते. हे डॉक्टर म्हणाले ५, तेही वयोमानाने झालेली झीज. एकेचाळीसाव्या वर्षी वयोमान! मुनिमाने साक्ष दिली की काका जत्रेत फिरताना दिसले, एकदा बादली उचलताना दिसले. आणि मग वकिलांचा मुख्य मुद्दा. पोतं उचलता येत नसेल, मान्य. पण हा माणूस रखवालदार म्हणून बसू शकतो. बसल्या जागी पगार. मग कमाईची क्षमता गेली कुठे?

काका मागच्या बाकावरून म्हणाले, "मग द्या की मला ती नोकरी." साहेबांनी त्यांना मध्ये बोलू नका म्हणून बजावलं. शेठकडून काही उत्तर आलं नाही.

आता यातली बोचणारी गोष्ट सांगतो. तेव्हा एक निकाल होता. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराचा दावा निकालात काढला होता. सिनेमागृहाचं काम करताना तो पडला आणि डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. यादीप्रमाणे बघितलं तर शंभर टक्के होत नाहीत. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या सुताराची क्षमता शंभर टक्के गेली, असं आयुक्तांनी धरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. म्हणजे शरीर किती उरलं हे मोजायचं नाही, धंदा उरला का ते बघायचं. लोखंडेंची 'चरितार्थ' ही गोष्ट एक्क्याण्णव वर्षांनी पुन्हा कागदावर आली म्हणा ना. एका हाताने सुतारकाम होत नसेल तर मोडक्या पाठीने हमाली होते का? आमच्या वकिलांनी हा निकाल दाखवला नाही. बिचारे कमी पैशात काम करत होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. मलाही तो निकाल कळला पंचवीस वर्षांनी. पण दाखवला असता तरी सुताराचा हात नव्हता हे दिसत होतं, काकांची पाठ होती ना!

पुतणीला रुपयांत समजावलं. ही टक्क्यांची मारामारी कशासाठी, ते आकड्यांशिवाय कळत नाही. तेव्हा कोष्टकं वेगळी होती, पगाराच्या पट्ट्यावरून ठोक रक्कम ठरे. १९८४ पासून वय धरून हिशेब होऊ लागला. आजच्या पद्धतीने मांडू. महिन्याचा पगार १५,००० धरायचा (२०२० साली ठरलेली कमाल मर्यादा), त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, आणि वय ४० असेल तर त्याला १८४.१७ ने गुणायचं. आले १६,५७,५३०. हे पूर्ण अपंगत्वाचे. धंदाच गेला असं धरलं तर हे सगळे. दाखल्यावरचे २५ टक्के धरले तर ४,१४,३८२. आणि शेठच्या डॉक्टरांचे ५ धरले तर ८२,८७६. दुखणं एक, पाठ एक, माणूस एक.

१९८४ च्याच दुरुस्तीत आणखी एक शब्दप्रयोग आला, की यादीबाहेरच्या इजेत कमाईची क्षमता किती गेली ते पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवायचं. मला हे फारसं पटत नाही. डॉक्टरांना मणका कळतो. पण ओल्या फळीवर शंभर किलो घेऊन चढणं म्हणजे काय, आणि ते नाही जमलं तर आमच्या गावात दुसरं कोणतं काम मिळतं, हे डॉक्टरांना कसं कळावं? ते टोळीच्या मुकादमाला विचारायला हवं. २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे छान उलगडून सांगितलं आहे. डॉक्टरांनी शरीराचं अपंगत्व सांगावं, कमाई किती गेली ते न्यायाधिकरणाने ठरवावं. हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं सगळंच जातं, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित जाणारही नाही. 'कशाचे पंचवीस टक्के' याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही.

काकांना दुसरा एखादा रस्ता होता का? होता, पण आमच्या गावापर्यंत आला नव्हता. १९४४ साली प्रा. बी. पी. अडारकरांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. त्यात ठोक रकमेऐवजी वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि कामगाराला जन्मभर ठरावीक पैसे मिळत राहतात. लोखंडेंच्या मागणीच्या हे सगळ्यांत जवळ जाणारं. पण तो कारखान्यांसाठी, आमचं गोदाम त्यात नव्हतं. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्यात नोंदलेल्या हमालांना भरपाईचा कायदा लागू केला होता, मग 'दहा माणसं' हा वाद राहत नाही. पण आमच्याकडे मंडळच नव्हतं. पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत पोत्याचं वजन कमी करा म्हणून भांडत होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की एका माणसाने ५५ किलोच्या वर ओझं उचलू नये. काकांच्या पाठीवर आलं ते शंभराचं. पन्नास किलोची पोती काकांनी बघितली ती म्हातारपणी, मार्केट यार्डाच्या फाटकाबाहेर उभं राहून. म्हणाले, "हे तर पोरंही उचलतील."

दाव्याचं काय झालं? तडजोड. १९८१ च्या वैशाखात शेठचे वकील ३,२०० रुपयांना तयार झाले. चुलतबहिणीचं लग्न ठरलं होतं. निकाल लागला असता तर जास्त मिळाले असते कदाचित, पण मग हायकोर्ट, आणखी वर्षं. अशी तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते, रक्कम फारच कमी वाटली तर ते नाकारू शकतात. आमच्या साहेबांनी काकांना विचारलं, समजून उमजून घेताय ना? काका हो म्हणाले. टक्के किती, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

रखवालदारी त्यांनी करून पाहिली, दुसऱ्या एका ठिकाणी. पण गादी दबलेल्या माणसाला उभं राहण्यापेक्षा बसणं अवघड जातं, हे मला पुतणीने आता सांगितलं. काका खांबाला टेकून उभे राहत. तीन महिन्यांत ते सुटलं. मग काकू मार्केट यार्डात मिरचीची देठं खुडायला जाऊ लागल्या. किलोवर पैसे. संध्याकाळी घरी आल्या की हातांची आग आग व्हायची, थंड दुधात बोटं बुडवून बसायच्या. वीस वर्षं गेल्या. कुठल्याही कायद्याच्या परिशिष्टात हे येत नाही, आणि आमच्या दाव्यात काकूंचं नावसुद्धा नाही. काका २००४ साली गेले, काकू नंतर चार वर्षांनी.

१९२३ च्या कायद्याचं नाव २०१० मध्ये बदललं, 'वर्कमेन'चं 'एम्प्लॉइज' झालं आणि औषधपाण्याचा खर्चही मिळू लागला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. मी पुतणीला संहितेतली इजांची यादी शोधायला सांगितलं. तिने फोनवर काढून वरपासून खालपर्यंत वाचली. अंगठा ३०, तर्जनी १४, करंगळी ७. "काका, यात पाठ नाही," ती म्हणाली.

चिठ्ठीची नक्कल फाईलमध्येच आहे, कोर्टाचा शिक्का असलेली. तिने ती वाचायला मागितली. आमच्या काळी अक्षर किती छान असायचं, असं म्हणाली. मी गप्प राहिलो. मग मीच तिला सगळं सांगितलं, आता इथे लिहिलं तसं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण उसण म्हणजे नक्की काय?" तिला तो शब्दच माहीत नव्हता!

फाईल आता खालच्या कपाटात ठेवली आहे. माळा अजून झाडायचा राहिलाच आहे.